लिहिणाऱ्याला हे कसे कळले?

शाळा-महाविद्यालयांतल्या प्रकल्पवह्यांचे शेवटचे पान बहुधा सारखेच असते. वर ‘संदर्भसूची’ असा रंगीत शाईतला मथळा, खाली पाठ्यपुस्तकाचे नाव, एखाद-दुसऱ्या वर्तमानपत्राचे नाव, मग ‘विकिपीडिया’, ‘गुगल’, ‘इंटरनेट’ आणि अलीकडे ‘चॅटजीपीटी’. आतल्या पंधरा-वीस पानांतले कोणते वाक्य यांपैकी कुठून आले, हे या पानावरून कळत नाही आणि ते कळावे अशी अपेक्षाही फारशी कोणी ठेवत नाही. आभाराच्या पानासारखे तेही रिवाजाचे पान होऊन बसले आहे. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. माहिती कशी गोळा करावी हे आपण त्यांना शिकवतो, ती कशी सजवावी हेही शिकवतो. हाती आलेल्या माहितीवर किती भार टाकता येईल, एवढेच शिकवायचे राहून जाते. शिकवलेच, तर साधनांची एक उतरंड सांगून मोकळे होतो: छापील पुस्तक चांगले, सरकारी संकेतस्थळ त्याहून चांगले, विकिपीडिया कच्चा, समाजमाध्यमे वाईट. ही उतरंड पहिल्या निवडानिवडीला उपयोगी पडते, हे खरे. पण तिच्यातून अशी समजूत होते की खरेपणा हा साधनाचा जन्मजात गुण आहे. एकदा चांगले साधन हाती लागले की त्यातले प्रत्येक वाक्य उचलायला मोकळीक. माझे म्हणणे याच्या उलट आहे. भरवसा पुस्तकावर सरसकट ठेवता येत नाही, तो त्यातल्या एकेका विधानावर ठेवायचा असतो, आणि त्यासाठी विचारायचा प्रश्न एकच: लिहिणाऱ्याला हे कसे कळले?

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला अगदी जवळचे उदाहरण शिवजन्माच्या तिथीचे. एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची पुस्तके उघडली तर शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष १६२७ दिसते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही तेच आहे. एखाद्या विद्यार्थ्याने त्या काळी दहा पुस्तके चाळली असती, तर दहाही ठिकाणी त्याला १६२७ मिळाले असते आणि दहा साक्षीदार एकमुखाने बोलत आहेत असे वाटले असते. प्रत्यक्षात हे वर्ष उत्तरकालीन बखरींतून, म्हणजे जन्मानंतर कित्येक पिढ्यांनी लिहिलेल्या मजकुरातून आलेले होते आणि एकाचे वाचून दुसरा लिहीत गेला होता. दहा तोंडांतून एकच आवाज येत होता. पुढे कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे शकवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया अशी कोरडी नोंद होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी सापडली. राजस्थानात जोधपूरला मिळालेल्या कुंडल्यांच्या संग्रहातील पत्रिकाही याच दिवसाकडे बोट दाखवत होती. मावळातले देशमुख घराणे, महाराजांच्या आश्रयाचा कवी आणि दूर मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता फार कमी. आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, ती या जुळणीमुळे. तीन साधने संख्येने दहांपेक्षा कमीच. पण ती तीन वेगळ्या वाटांनी आली होती.

यातले ‘शिवभारत’ जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ते दरबारी काव्य आहे. नायक विष्णूचा अवतार, शत्रू दैत्यांसारखे, दोन्ही पक्षांच्या तोंडी लांबलचक भाषणे. प्रचलित उतरंडीत अशा ग्रंथाला खालच्या पायरीवर बसवावे लागेल. अफजलखानाच्या तोंडची भाषणे त्याने खरोखर तशीच केली होती, असे त्यावरून कोणी लिहिले तर ते चूकच ठरेल. जन्मतिथीची गोष्ट मात्र निराळी. ज्याच्या सांगण्यावरून काव्य रचले जात आहे, त्याच्या घरात ती तिथी ठाऊक असणार आणि वर्ष दोन-तीन इकडचे तिकडे करून कवीच्या पदरात काही पडणार नव्हते. म्हणजे एकच ग्रंथ एका प्रश्नापुरता भक्कम आणि दुसऱ्या प्रश्नापुरता पोकळ असू शकतो. सभासदाची बखरही अशीच. ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. घटनांचा क्रम आणि सनावळी यांसाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे. पण गडकोट, कारखाने, कारभाराची घडी, महाराजांबद्दल त्यांच्या माणसांच्या मनात असलेली भावना, यांसाठी तिच्यासारखे दुसरे साधन नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपताच्या आधीच्या दशकातली पत्रे छापून ते थांबले नाहीत. प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झडती घेतली, पत्रांशी त्यांचा मजकूर ताडून पाहिला. राजवाड्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकलेले नाहीत, काही तर सपशेल बाजूला पडले. पण विधान आणि कागद शेजारी ठेवून पाहण्याची जी सवय त्यांनी मराठीत रुजवली, तिचा वारसा आपल्या प्रकल्पवह्यांपर्यंत पोहोचलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तिथीच्या याच उदाहरणात विद्यार्थ्याला सावध करणारी आणखी एक गोष्ट आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण पाठ करतो. १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येते आणि मग विद्यार्थी म्हणतो की साधनांत घोळ आहे. घोळ साधनांत नाही. शक चैत्रात बदलतो, फाल्गुन त्याच्या अखेरीला येतो आणि तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून तिथे ७९ मिळवावे लागतात. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे; आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला दोन साधने एकमेकांशी भांडताना दिसतील. म्हणून साधन खोटे ठरवण्याआधी त्याची भाषा, त्याचे मोजमाप, त्याचे पंचांग आपल्याला कळले आहे का, हे पाहावे लागते. मूल्यमापनाच्या आधी समजून घेणे येते.

वाक्याच्या मुळाशी गेलो नाही की काय होते, याचा नमुना म्हणून मेकॉलेच्या नावाने फिरणारा एक उतारा घ्या. शिक्षणावरच्या असंख्य भाषणांत, भित्तिपत्रकांवर आणि प्रकल्पांत तो आढळतो. आपण भारत उभा-आडवा फिरलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असे त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत सांगितल्याचे त्यात म्हटलेले असते. तारीख आहे, ठिकाण आहे, अवतरणचिन्हे आहेत. पुराव्याचा सगळा पोशाख चढवलेला आहे. पण मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला होता आणि १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. २ फेब्रुवारी १८३५ ला तो कलकत्त्यात होता आणि त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण आजही कोणालाही वाचता येते. त्यात हा उतारा नाही. उलट संस्कृत आणि अरबी विद्येला त्याने इतके हिणवले आहे की भारताच्या थोरवीची कबुली त्याच लेखणीतून उतरावी, हे जुळतच नाही. काहींना वाटते, हा उतारा खोटा म्हटला की मेकॉले निर्दोष ठरतो. तसे होत नाही. त्याची तुच्छता दाखवायला त्याचे स्वतःचे टिपण पुरेसे आहे आणि ते खरे असल्यामुळे जास्त बोलके आहे. बनावट अवतरण वापरणारा विद्यार्थी आपल्याच बाजूचा चांगला पुरावा टाकून फुटका पुरावा उचलतो.

आकड्यांच्या बाबतीत फसगत अधिक सहज होते, कारण आकडा दिसला की आपण मान तुकवतो. ठाणे जिल्ह्यावर प्रकल्प करणाऱ्याला २०११ च्या जनगणनेतून १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या मिळेल. साधन सरकारी, आकडा शेवटच्या एककापर्यंत नेमका. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. तिकडची जवळपास तीस लाख माणसे या आकड्यात धरलेली आहेत. आजच्या ठाणे जिल्ह्याचा नकाशा आणि हा आकडा एकाच पानावर छापला, तर दोन्ही साधने खरी असूनही पान खोटे होते. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतरची म्हणून एखाद्या गावाची किंवा शहराची ‘नेमकी’ लोकसंख्या कोणी देत असेल तर तो अंदाज आहे. अंदाज वापरायला हरकत नाही, पण त्याला अंदाज म्हणावे आणि तो कोणी, कशावरून बांधला तेही लिहावे.

आता एक अवघड उदाहरण, कारण सगळी साधने चांगली असूनही ती परस्परविरोधी असतात तेव्हा उतरंड पूर्णपणे निकामी ठरते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्ट खडकात आहे. ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद बराच काळ चालला आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने प्रचंड आघातानेच तयार होणाऱ्या काचेचा पुरावा देऊन उल्कापाताची बाजू पक्की केली. ते कधी घडले, हे मात्र इतके सरळ नाही. अनेक पुस्तकांत आणि लेखांत ५२,००० वर्षे हे वय दिसते. हा आकडा हवेतला नाही. आघातात वितळलेल्या काचेवर तप्तदीप्ती पद्धतीने केलेल्या मापनातून तो १९९७ मध्ये आला. २०११ साली दुसऱ्या एका गटाने त्याच विवरातल्या वितळखडकावर आरगॉन पद्धत वापरली आणि वय आले सुमारे ५,७०,००० वर्षे. जवळजवळ अकरा पट! इथे कोणी खोटे बोलत नाही, कोणी बेजबाबदार नाही. दोन्ही निबंध तज्ज्ञांनी तपासलेले आहेत. फरक पडतो तो काय मोजले यात. तप्तदीप्ती पद्धत काचेत शेवटच्या तापण्यानंतर साठलेली किरणोत्साराची छाप मोजते. ती छाप काळानुसार पुसट होऊ शकते, मग वय खरे असते त्याहून कमी दिसते. आरगॉन पद्धत पोटॅशियमच्या ऱ्हासातून साठलेला वायू मोजते. तिथे मूळच्या जुन्या खडकातला आरगॉन पुरता निघून गेला नसेल तर वय वाढू शकते आणि म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवून ते तपासावे लागते. बारावीतल्या विद्यार्थ्याला यातला निवाडा करता येणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. ‘लोणारचे वय ५२,००० वर्षे’ असे एका दमात न लिहिता, दोन पद्धतींनी दोन वये आली आहेत, नंतरचे आणि अधिक मानले जाणारे मापन पावणेसहा लाखांच्या आसपास आहे, आणि फरकाचे कारण असे सांगितले जाते, एवढे त्याने लिहिले तर तो प्रकल्प विज्ञानाचा झाला. नाहीतर ती नुसती माहितीपत्रिका.

यावर पहिला आक्षेप शिक्षकच घेतील आणि तो रास्त आहे: एवढी पडताळणी करायला वेळ कुठे आहे? वर्गात साठ-सत्तर मुले, अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा तोंडावर. पण प्रत्येक वाक्याची पडताळणी कोणीच करत नाही, व्यावसायिक संशोधकही नाही. कोणत्याही प्रकल्पात चार-पाच विधानेच खांबासारखी असतात. बाकीचा मजकूर त्यांवर उभा असतो. लोणारच्या प्रकल्पात वय हा खांब आहे, सरोवराकाठच्या मंदिरांची संख्या नाही. ते चार-पाच खांब हुडकून काढणे हाच निम्मा अभ्यास आहे. मेकॉलेचा उतारा तपासायला त्याच्या प्रवासाच्या दोन तारखा पुरल्या, ठाण्याच्या आकड्याला एक नकाशा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. मुलांना सारखे ‘कशावरून?’ विचारायला शिकवले तर त्यांचा कशावरच विश्वास उरणार नाही, ‘सगळेच आपापल्या सोयीने लिहितात’ म्हणून ती मोकळी होतील. अशी वृत्ती आजूबाजूला दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती प्रश्न विचारल्यामुळे आलेली नसून प्रश्न अर्ध्यावर सोडल्यामुळे आली आहे. शिवजन्माच्या तिथीचा शोध संशयापासून सुरू झाला आणि आधीच्यापेक्षा पक्क्या तारखेवर येऊन थांबला. लोणारच्या बाबतीतही दोन वये आली म्हणून उल्कापात डळमळला नाही. काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, यातली रेघ स्पष्ट झाली. ‘कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर असते आणि ते शोधता येते, हा अनुभव एकदा जरी आला तरी विद्यार्थी सरसकट अविश्वासाकडे वळत नाही.

तिसरा आक्षेप मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याचा. चांगली साधने इंग्रजीत, शोधनिबंध तर बहुतेक इंग्रजीतच. आम्ही काय तपासणार? ही अडचण खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात मला प्रामाणिकपणा वाटत नाही. लोणारवरचे मूळ निबंध मराठीत नाहीत. शिक्षकाने किंवा थोरल्या भावंडाने त्यांचा गोषवारा समजावून सांगावा लागेल. पण मराठी विद्यार्थ्याच्या हाती असेही काही आहे, जे इतरांच्या हाती नाही. राजवाड्यांचे बावीस खंड, केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोशातल्या लेखकाच्या नावासह दिलेल्या नोंदी, जिल्ह्याची गॅझेटिअरे ही तर आहेतच. त्याहून मोलाची साधने त्याच्या गल्लीत आहेत. १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प करायचा तर गावातली साठी ओलांडलेली आजी हे अव्वल साधन आहे. सुकडी कशी मिळायची, मिलोच्या भाकरीची चव कशी होती, खडी फोडायच्या कामावर हजेरी कोण घ्यायचे, हे तिने पाहिले आहे. पाऊस किती मिलिमीटर पडला, हे तिला विचारू नये. त्यासाठी पर्जन्यमानाची नोंद पाहावी. आणि तिने सांगितलेले साल एखाद्या वर्षाने चुकले म्हणून तिची बाकीची साक्ष फेकून देऊ नये. मुलाखत घेतली तर तारीख, ठिकाण आणि तेव्हा तिचे वय किती होते, एवढे वहीत लिहावे. घटनेच्या वेळी ती बारा वर्षांची होती की बावीस, यावर ती काय सांगू शकेल ते बरेचसे ठरते.

विकिपीडिया आणि संभाषण करणारी यंत्रे यांबद्दल फार लिहावे असे वाटत नाही, कारण प्रश्न तोच आहे. विकिपीडियाच्या लेखाखाली तळटीपा असतात. लेख वाचून तळटिपेपर्यंत जावे आणि संदर्भ द्यायचा तो तिथल्या मूळ मजकुराचा, तो स्वतः वाचून. यंत्राच्या बाबतीत ‘लिहिणाऱ्याला कसे कळले?’ हा प्रश्न विचारायला मागे लिहिणाराच नसतो. शब्दांची जुळणी असते, ती कधी बरोबर निघते, कधी नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. यंत्राने पुस्तकाचे नाव सुचवले तर ते पुस्तक कपाटात आहे का, हे आधी पाहावे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. संदर्भसूचीत किती नावे आहेत यावर गुण देणे थांबवावे. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पात एक पान असे मागावे, ज्यात विद्यार्थी आपल्या प्रकल्पातले एकच महत्त्वाचे विधान घेईल, ते त्याला कुठे मिळाले, तिथे ते कुठून आले, मुळाशी कोणी पाहिले वा मोजले, आणि वाट कुठे तुटली, हे आपल्या शब्दांत लिहील. वाट तुटली असेल तर ‘इथून पुढे मला सापडले नाही’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.

आणि विद्यार्थिमित्रा, तुझ्या वहीतले सगळ्यांत ठाम वाक्य कोणते, ते आज शोध. त्याच्या समासात पेन्सिलीने ‘कशावरून?’ असे लिही आणि तालुक्याच्या वाचनालयात जा. जाताना वही बरोबर ने.